पाऊण पॉइंटाचा धंदा: एनबीएच्या सामन्यांवर पैसे कसे लावतात

एनबीएमध्ये तीस संघ आहेत आणि प्रत्येकाचे ८२ सामने असतात. म्हणजे नुसत्या नियमित हंगामातच १,२३० लढती. ऑक्टोबरच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत त्या चालतात आणि एखाद्या बुधवारी किंवा शुक्रवारी दहा-अकरा सामने एकाच रात्री सहज येतात. पूर्व किनाऱ्यावरचे सामने संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू होतात, लॉस एंजेलिस-पोर्टलंडकडचे त्याच घड्याळानुसार रात्री दहाला. हिवाळ्यात आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच आणि सकाळचे साडेआठ झालेले असतात. एवढ्या वेळात अमेरिकेतला माणूस फोनवरून शेकडो गोष्टींवर पैज लावू शकतो. कोण जिंकणार, किती फरकाने, दोघांचे मिळून पॉइंट किती, अमका किती रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेला चेंडू) घेणार, तमका किती थ्री (लांबून टाकलेली तीन पॉइंटांची बास्केट) टाकणार.

हे सगळं राजरोस सुरू झालं ते अलीकडेच. १९९२च्या एका केंद्रीय कायद्यामुळे नेवाडा सोडून जवळपास सगळीकडे खेळांवरच्या पैजांना बंदी होती. न्यू जर्सी राज्याने त्याविरुद्ध वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या आणि १४ मे २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. तेव्हापासून निर्णय ज्याच्या त्याच्या राज्याचा. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारा मराठी माणूस लोकलच्या प्रवासात पैज लावू शकतो, सनीवेलमधला त्याचा भाऊ लावू शकत नाही, कारण कॅलिफोर्नियाने अजून परवानगी दिलेली नाही. भारतात तर २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन प्रकार बंद केलेत, तेव्हा पुण्या-नाशकात बसून हे करायचा विषयच नाही. पण हल्ली एनबीएचा सामना लावला की स्क्रीनवर निम्मा वेळ हेच आकडे दिसतात. ते वाचता आले तर सामनाही जास्त कळतो.

भाव कसा वाचायचा

समजा, डेन्व्हर नगेट्सच्या घरी पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स खेळायला आलेत. अ‍ॅपवर तीन प्रकारचे आकडे दिसतील. पुढचे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत.

पहिला, मनीलाइन: डेन्व्हर -२६०, पोर्टलंड +२१०. यात फक्त कोण जिंकतं ते बघायचं. उणे आकडा म्हणजे १०० डॉलर कमवायला किती लावावे लागतील, अधिक आकडा म्हणजे १०० लावल्यावर किती मिळतील. यातून शक्यता काढता येते: डेन्व्हरसाठी २६० भागिले ३६०, म्हणजे ७२ टक्के, पोर्टलंडसाठी १०० भागिले ३१०, म्हणजे ३२ टक्के. बेरीज करा. १०४ येते. दोनच संघ खेळतायत आणि शक्यता शंभराच्या वर गेली, तर वरचे चार टक्के कोणाचे? बुकीचे. सगळा धंदा या चार टक्क्यांवर उभा आहे.

दुसरा, स्प्रेड: डेन्व्हर -६.५. डेन्व्हरवर पैसे लावले असतील तर त्यांनी किमान सात पॉइंटांनी जिंकायला हवं. पोर्टलंडवर लावले असतील तर पोर्टलंड सहाने हरलं तरी तुम्ही जिंकलात. शिकागोच्या चार्ल्स मॅकनील नावाच्या माणसाने १९४०च्या दशकात ही पद्धत रूढ केली असं मानतात, आणि तो आधी गणित शिकवायचा. लिंबूटिंबू संघाच्या सामन्यातही लोकांचा रस टिकवायची ही युक्ती आहे. साडेसहाचं ओझं डेन्व्हरच्या डोक्यावर ठेवलं की दोन्ही बाजू जवळपास सारख्या होतात.

तिसरा, टोटल: २२९.५. दोन्ही संघांचे मिळून पॉइंट याच्या वर जाणार की खाली राहणार. क्रिकेटच्या सट्ट्यातलं ‘सेशन’ ज्यांनी ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की इथे सामना ओव्हरटाइममध्ये गेला तर ते पॉइंटही धरतात. १९८३च्या डिसेंबरात डेट्रॉइटने डेन्व्हरला तीन ओव्हरटाइमनंतर १८६-१८४ असं हरवलं होतं. त्या रात्री ‘खाली’वर पैसे लावणाऱ्याचं काय झालं असेल ते सांगत बसत नाही.

स्प्रेड आणि टोटल यांचा भाव बहुतेक वेळा -११० असतो, म्हणजे ११० लावा, जिंकलात तर वर १०० मिळतील. दोघांनी समोरासमोर ११० लावले तर बुकीकडे २२० जमतात, जिंकणाऱ्याला २१० जातात, दहा डॉलर गल्ल्यात राहतात. म्हणून नुसतं बरोबरीत राहायलाही शंभरातले पन्नास जिंकून भागत नाही. ११० भागिले २१०, म्हणजे ५२.४ जिंकावे लागतात.

पाऊण पॉइंट

आता थोडं गणित, कारण मुख्य गोष्ट इथेच आहे.

एनबीएतला निकाल स्प्रेडच्या आजूबाजूला बराच विखुरतो. ठोकताळा असा की तीनपैकी दोन सामने स्प्रेडच्या १२ पॉइंट इकडे-तिकडे संपतात आणि तिसरा त्याच्याही बाहेर जातो. या पसाऱ्यामुळे स्प्रेडच्या जवळच्या कुठल्याही एका पॉइंटावर शंभरातले साधारण तीन-सव्वातीन सामनेच येऊन थांबतात. थोडक्यात, एका पॉइंटाची किंमत तीन-सव्वातीन टक्के. तुम्हाला पन्नासवरून ५२.४वर जायचंय, म्हणजे २.४ टक्के हवेत. भागाकार केला की उत्तर येतं: पाऊण पॉइंट, त्याहून थोडं कमीच.

बाजार साडेसहा म्हणत असेल तर तुमच्या मते खरा आकडा पावणेसहा किंवा सव्वासात असायला हवा, आणि तुमचं मत बरोबर असायला हवं. तेव्हा कुठे तुम्ही ना नफा ना तोटा इथवर येता. कमाई त्याच्या पुढे. आणि तो साडेसहा कोणी सहज म्हणून लिहिलेला नसतो. रात्रंदिवस संगणकावर हेच करणाऱ्या लोकांनी दोन्ही बाजूंनी पैसे ओतून तो तिथे आणलेला असतो.

यातला अर्धा पॉइंट मात्र कधीकधी फुकट मिळतो. एका अ‍ॅपवर -६.५ असतं तेव्हा दुसऱ्यावर -६ असू शकतं. भाजी घेताना दोन गाड्यांवर विचारणारी माणसं इथे पहिल्याच अ‍ॅपवर बटण दाबतात, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

अर्धा पॉइंट किती जिव्हारी लागतो ते बघा. वीस सेकंद राहिलेत, डेन्व्हर नऊने पुढे आहे. सामना संपल्यात जमा, दोन्हीकडचे मोठे खेळाडू टॉवेल घेऊन बाकावर बसलेत. पोर्टलंडचा बदली खेळाडू चेंडू घेऊन येतो, कोणी अंगावर येत नाही, तो मजेत थ्री टाकतो आणि आत जातो. फरक सहा. स्टेडियममधली माणसं जॅकेट घालून निघालेली असतात, निकाल तोच आहे. फक्त डेन्व्हर -६.५ घेतलेल्यांचे पैसे गेले आणि पोर्टलंडवाल्यांचे जवळपास दुप्पट झाले. याला ‘बॅकडोअर कव्हर’ म्हणतात. हंगामाच्या मध्येच होणाऱ्या एनबीए कपच्या गटसामन्यांत याची उलटी बाजू दिसते: तिथे गटात संघांचे विजय सारखे झाले की पॉइंटांचा फरक मोजतात, म्हणून पंधराने पुढे असलेला संघही शेवटच्या मिनिटाला बास्केट टाकत राहतो.

संध्याकाळचं काम

जाणकार माणूस भाव बघायच्या आधी स्वतःचा आकडा काढतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बाजाराचा आकडा बघितला की डोकं त्याच्याभोवतीच फिरत राहतं.

आकडा काढायची साधी पद्धत अशी: प्रत्येक संघ शंभर पझेशनमागे किती पॉइंट करतो आणि किती देतो ते बघायचं. पझेशन म्हणजे चेंडू हातात आल्यापासून जाईपर्यंतचा एक डाव. एनबीएत एका संघाला सामन्यात साधारण शंभर मिळतात, त्यामुळे हिशेब सोपा जातो. समजा डेन्व्हर शंभरामागे पाच पॉइंटांनी वरचढ आहे आणि पोर्टलंड दोनने कमी. फरक सात. घरच्या मैदानाचे दोनेक धरा. नऊ झाले.

घरच्या मैदानाचा फायदा पूर्वी याहून मोठा होता. काही दशकांपूर्वी यजमान संघ साठ टक्क्यांहून जास्त सामने जिंकायचे, हल्ली ५५च्या आसपास. विमानं चांगली झाली, झोपेकडे लक्ष द्यायला लागले, थ्री वाढले, कारणं बरीच सांगतात. डेन्व्हरचं मात्र थोडं वेगळं, कारण ते शहर ५,२८० फुटांवर आहे, जवळपास कळसूबाईच्या शिखराइतकं. तिथे जाऊन ४८ मिनिटं धावायचं म्हणजे दम लागतोच.

तर तुमचा आकडा नऊ आला आणि बाजार साडेसहा म्हणतोय. इथे नवशिक्याला वाटतं, घबाड सापडलं! मुरलेला माणूस विचारतो, बाजाराला असं काय माहीत आहे जे मला नाही? दहापैकी आठ-नऊ वेळा उत्तर साध्या दोन ठिकाणी मिळतं.

एक, वेळापत्रक. डेन्व्हर काल रात्रीच दुसऱ्या गावात खेळून पहाटे घरी आलं असेल. अशा सलग दोन रात्रींच्या जोड्या प्रत्येक संघाच्या वाट्याला हंगामात साधारण चौदा-पंधरा येतात.

दोन, दुखापतींची यादी. लीगच्या नियमानुसार संघाला आदल्या दिवशीच सांगावं लागतं कोण खेळणार नाही, आणि सलग सामन्यातल्या दुसऱ्या दिवसाचं त्याच दिवशी. ‘आउट’ म्हणजे नाहीच, ‘डाउटफुल’ म्हणजे बहुधा नाही, ‘क्वेश्चनेबल’ म्हणजे नाणं उडवा. रात्रीच्या पैजांमधला अर्धा जीव या क्वेश्चनेबलमध्ये अडकलेला असतो. डेन्व्हरच्या निकोला योकिचसारखा हुकमी खेळाडू बसणार असं कळलं की आकडा काही मिनिटांत कित्येक पॉइंटांनी सरकतो. बातमी तुमच्यापर्यंत पोचते तेव्हा भावही बदललेला असतो. त्यामुळे ‘अमका खेळत नाही म्हणून दुसऱ्यावर लावले’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण ती माहिती भावात आधीच धरलेली असते.

आणि धरूनही काय होतं ते २ डिसेंबर २०२१ला दिसलं. मेम्फिस ग्रिझलीजचा हुकमी एक्का जा मोरंट दुखापतीमुळे बाहेर होता. समोर ओक्लाहोमा सिटी थंडर, त्यांचाही शे गिल्जस-अलेक्झांडर नव्हता. मेम्फिस १५२-७९ने जिंकलं. त्र्याहत्तर पॉइंटांचा फरक, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात मोठा, आणि तोही आपल्या सर्वोत्तम खेळाडूशिवाय.

हे सगळं तपासून झाल्यावर अकरापैकी दहा सामन्यांत तुमचा आकडा बाजाराच्या अर्ध्या पॉइंटात येऊन बसतो. तिथे पैज नाही. पुष्कळ रात्री अकराच्या अकरा सामन्यांत नाही. ‘आजचे पाच पक्के’ रोज वाटणाऱ्यांकडे मी संशयाने बघतो ते यामुळेच. त्यांच्याकडे रोज पाच कुठून येतात?

बाजार कधीच चुकत नाही असं नाही. हॅरलाबोस व्हुल्गारिस या कॅनेडियन गृहस्थाची गोष्ट प्रसिद्ध आहे. बुकी पूर्वी पूर्ण सामन्याचा टोटल घेऊन सरळ दोन भाग करायचे, अर्धा पहिल्या हाफला, अर्धा दुसऱ्याला. पण शेवटच्या दोन-तीन मिनिटांत मागे पडलेला संघ मुद्दाम फाउल करतो, घड्याळ थांबतं, समोरचा फ्री थ्रो टाकतो, पुन्हा चेंडू, पुन्हा फाउल. त्यामुळे चौथ्या क्वार्टरमध्ये पॉइंटांचा पूर येतो आणि दुसरा हाफ जड होतो. व्हुल्गारिसने ही फट हेरली आणि बुकींना कळेपर्यंत त्यातून भरपूर कमावलं. पुढे २०१८मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला आकडेवारीच्या विभागाचा प्रमुख म्हणून नोकरीच दिली. ती फट अर्थातच केव्हाची बुजली.

थ्रीचा लहरीपणा

आजच्या एनबीएत अंदाज चुकायचं सगळ्यात मोठं कारण थ्री-पॉइंटर आहे. २०२४-२५मध्ये बॉस्टन सेल्टिक्सने सामन्यामागे थ्रीचे सुमारे ४८ प्रयत्न केले, हा विक्रम आहे. एखाद्या संघाने ४० प्रयत्न केले आणि त्याची नेहमीची सरासरी ३६ टक्के असेल तर चौदा-पंधरा आत जायला हवेत. पण निव्वळ नशिबाने यात तीन इकडे किंवा तीन तिकडे होणं अगदी रोजचं आहे. तीन थ्री म्हणजे नऊ पॉइंट. खेळ तोच, डावपेच तेच, मोकळे मिळालेले शॉट तेवढेच, आणि फरक नऊ पॉइंटांचा. तुम्ही पाऊण पॉइंटासाठी वेळापत्रकं चाळत होतात.

म्हणून काल कोण कितीने जिंकलं यापेक्षा कोणाला कसे शॉट मिळाले हे बघणारे टिकतात. वीसपैकी सोळा थ्री टाकून जिंकलेल्या संघावर दुसऱ्या दिवशी लोक तुटून पडतात. सोळा पुन्हा जात नाहीत.

पार्ले आणि प्रॉप

अ‍ॅप उघडलं की सगळ्यात मोठ्या अक्षरांत दिसतं ते पार्ले: तीन-चार-पाच पैजा एकत्र बांधायच्या, सगळ्या लागल्या तर घसघशीत पैसे, एक जरी चुकली तर शून्य. दहा डॉलरचे अडीचशे, असं काहीतरी. आता हिशेब करू. प्रत्येक पैज निम्म्या शक्यतेची आणि -११० भावाची धरा. दोन एकत्र केल्या तर न्याय्य परतावा चौपट, मिळतो ३.६४ पट. तिघांचा आठपट हवा, मिळतो ६.९६. पाचांचा ३२ पट हवा, मिळतो २५.३६. एका पैजेत बुकी साडेचार टक्के खातो, पाचांच्या पार्लेत वीस टक्क्यांहून जास्त. जाहिराती पार्लेच्याच का असतात, हे वेगळं सांगायची गरज नाही. एकाच सामन्यातल्या गोष्टी बांधायच्या ‘सेम गेम पार्ले’त तर हे गणितही बाहेरून करता येत नाही, कारण गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि भाव कसा काढला ते अ‍ॅपच जाणे.

प्रॉप म्हणजे एकेका खेळाडूच्या आकड्यांवरची पैज. बुकीला शेकडो खेळाडूंचे भाव काढावे लागतात, त्यामुळे इथे चुका जास्त सापडतात हे खरं आहे. पण इथेच घाणही शिरते. टोरंटो रॅप्टर्सच्या जॉन्टे पोर्टरचं प्रकरण घ्या. आपल्या तब्येतीची आतली माहिती त्याने एका सटोडियाला दिली. २० मार्च २०२४च्या सामन्यात तो तीनच मिनिटं खेळला आणि बरं वाटत नाही म्हणून बाहेर गेला. दुसऱ्या एकाने पोर्टर कमी पडणार यावर ८० हजार डॉलरचं पार्ले लावलं होतं, जिंकला असता तर ११ लाख मिळाले असते. राखीव खेळाडूवर एवढे पैसे? बुकीला वास आला आणि पैसे रोखले गेले. १७ एप्रिलला एनबीएने पोर्टरवर आजन्म बंदी घातली, जुलैमध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. पुढच्या हंगामापासून दुहेरी करारावरच्या (एनबीए आणि तिच्या दुय्यम लीगमध्ये ये-जा करणाऱ्या) किंवा दहा दिवसांच्या करारावरच्या खेळाडूंवर ‘खाली’ची पैज घेणं कंपन्यांनी बंद केलं. संपूर्ण संघाला मुद्दाम हरायला लावणं कठीण असतं, एका माणसाने बाकावर जाऊन बसणं सोपं.

आपण बरे आहोत हे कळणार कसं

शंभर जणांना शंभर-शंभर वेळा नाणं उडवायला सांगितलं तर त्यातल्या साधारण अठरा जणांचं ५५ किंवा जास्त वेळा बरोबर येईल. त्यांना काहीही येत नाही. तेव्हा ‘शंभरात ५६’ सांगणाऱ्याबद्दल एवढ्यावरून काहीच म्हणता येत नाही. उलट दिशेनेही तसंच: ५३ टक्के जिंकणाऱ्या, म्हणजे खरोखर चांगल्या माणसालाही पाचशे पैजांत कधीतरी सलग सात हरायची वेळ न येण्यापेक्षा येण्याचीच शक्यता जास्त. म्हणून अनुभवी लोक एका पैजेवर जमा रकमेच्या एक-दोन टक्क्यांच्या वर जात नाहीत.

निकालापेक्षा लवकर उत्तर देणारी एक कसोटी आहे: तुम्ही घेतलेला भाव आणि चेंडू उडायच्या क्षणीचा शेवटचा भाव यांची तुलना. तुम्ही सकाळी डेन्व्हर -५ घेतलं आणि रात्री ते -६.५वर बंद झालं, तर पैज हरलात तरी तुमचं वाचन बरोबर होतं. शेकडो पैजांमध्ये हे सातत्याने जमत असेल तर तुमच्याकडे खरंच काहीतरी आहे. नसेल, तर हातात आलेले पैसे तात्पुरते आहेत.

गंमत अशी की ही तुलना कंपन्याही करतात, प्रत्येक खात्यासाठी. शेवटच्या भावाला सतत मागे टाकणारा ग्राहक त्यांना नको असतो आणि त्याची कमाल पैज मग शेकडो डॉलरांवरून थेट काही डॉलरांवर आणली जाते. हरणाऱ्याला मात्र बोनस येत राहतात. मॅसॅच्युसेट्सच्या गेमिंग कमिशनने मे २०२४मध्ये यावर जाहीर चर्चा ठेवली, तेव्हा बहुतेक कंपन्या फिरकल्याच नाहीत. सप्टेंबरच्या बैठकीला त्या आल्या आणि त्यांचं म्हणणं पडलं की अशा मर्यादा फार थोड्या ग्राहकांवर घालाव्या लागतात.